भिंतीवरचं कॅम्पिंग

आमच्या कॅम्पिंगवर संकट आलं ते ‘वेलकम’ म्हणत आलं. जूनच्या पहिल्या शनिवारी मी दर वर्षीप्रमाणे अँजेहून गाडीमागे कॅरॅव्हान ओढत समुद्रकाठच्या आमच्या ला पिनियेर कॅम्पिंगला पोचले, तर फाटकावर नवी कोरी पाटी: ‘पाइन बीच आउटडोअर रिसॉर्ट’. पाटीखाली शॉर्ट घातलेला एक तरुण उभा. त्याने मला ‘वेलकम’ केलं, ‘चेक-इन’ कुठे ते दाखवलं आणि ज्या पाइनच्या झाडाखाली मी अर्धं आयुष्य काढलं त्या जागेला ‘तुमचा स्पॉट’ म्हणाला. मी म्हटलं, “बाळा, मी मोरिसेत. हा स्पॉट तुझ्या जन्माच्या आधीपासून माझा आहे.” तो म्हणाला, “सुपर!”

झालं होतं असं, की कॅम्पिंग चालवणं नगरपालिकेला परवडेना, म्हणून त्यांनी ते नांतच्या एका कंपनीला देऊन टाकलं होतं. हा तरुण जेरेमी, कंपनीचा मॅनेजर. पोरगा वाईट नव्हता. त्याच्या राज्यात संडास कधी नव्हे इतके स्वच्छ होते आणि गरम पाणी चक्क गरम येत होतं. फक्त बोलायला लागला की वाटायचं, ह्याच्या आईने ह्याला दुधाऐवजी जाहिराती पाजल्यात. नळ म्हणजे ‘वॉटर पॉइंट’, कचऱ्याची जागा ‘इको-कॉर्नर’, आणि झाडू मारणारी बिचारी नाताली ‘क्लीनिंग स्टाफ’. नातालीचा पगार मात्र जुन्या फ्रेंचमध्येच राहिला होता.

फाटकाशेजारची जुनी भिंत तेवढी तशीच होती. तिच्यावर माणसाच्या उंचीची सात निळी रोमन अक्षरं: कॅम्पिंग. पार चौकातून, बेकरीच्या दारातूनसुद्धा दिसायची. आम्ही कोणी त्या भिंतीकडे बघायचो नाही. बघायची ती एकटी आर्मेल.

आर्मेल आणि इव्होनिक माझे शेजारी. इव्होनिकचं ल माँला मटणाचं दुकान होतं, आता निवृत्त. बायकोवर ओरडून बोलणारा आणि तिच्यावाचून घास न गिळणारा माणूस. आर्मेलची आठवण गेली दोन-तीन वर्षं हळूहळू पुसत चालली होती. मी जन्मभर औषधांचं दुकान चालवलं, तिच्या गोळ्यांचं पाकीट बघून मला जे कळायचं ते कळलं होतं. ल माँच्या स्वतःच्या घरात तिला न्हाणीघर सापडत नव्हतं. पण इथे! इथे ती सकाळी उठायची, पिशवी घ्यायची, एकटी बेकरीत जायची, लांब पाव घ्यायची, बेकरीच्या दारात उभी राहून निळी अक्षरं शोधायची आणि त्या अक्षरांच्या खुणेवर चालत घरी यायची. रस्त्यात पावाचं टोक मोडून खायची, तेही चाळीस वर्षांची सवय असल्यासारखं. इव्होनिकने तिला मोबाइल देऊन पाहिला होता. पहिल्याच दिवशी ती पाव घेऊन आली आणि मोबाइल बेकरीत ठेवून आली.

त्या पावावर बरंच काही अवलंबून होतं. त्यांची मुलगी साबिन रेनला राहते. तिने आईसाठी एक वृद्धाश्रम बघून ठेवला होता, ज्याच्या दाराला आकड्यांचं कुलूप असतं तसला. इव्होनिक ऐकत नव्हता. शेवटी बापलेकीत तह झाला होता. तो इव्होनिकने मला भांडी घासायच्या मोरीवर सांगितला होता, पाण्याचा नळ मोठा सोडून, कोणी ऐकू नये म्हणून.

“साबिन म्हणते, आई जोवर एकटी जाऊन पाव आणतेय तोवर मी तोंड उघडणार नाही. ज्या दिवशी वाट चुकली त्या दिवशी बास.”

“मग चुकायची नाही,” मी म्हटलं.

“इथे नाही चुकायची. भिंत दिसते ना तिला.”

हे सगळं अशा नाजूक धाग्यावर चाललेलं असताना देप्रे मास्तरांना मातृभाषेचा पुळका आला.

देप्रे मास्तर म्हणजे तूरच्या शाळेत चाळीस वर्षं फ्रेंच शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. सगळं कॅम्पिंग एकमेकांना अरे-तुरे करतं, त्यांना मात्र सगळे अहो-जाहो. नाकाने कांदे सोलायची सवय, पण मनाने सरळ. ती नवी पाटी बघून त्यांना दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी, सात वाजताच्या अपेरोला, म्हणजे जेवणाआधीच्या पिण्याला, सगळे आपापले ग्लास घेऊन बारपाशी जमलेले असताना ते खुर्चीवर उभे राहिले.

“मित्रहो, आपल्या देशात आपल्यालाच परकं केलंय! कायदा आहे आपल्या बाजूने. पाटी फ्रेंचमध्येच हवी. एकही इंग्रजी शब्द मी इथे राहू देणार नाही!”

टाळ्या पडल्या. अपेरोच्या दुसऱ्या ग्लासानंतर आमच्याकडे कशालाही टाळ्या पडतात. तिथल्या तिथे समिती नेमली गेली, आणि एका उत्साही बाईने चादरीवर घोषणा रंगवली: ‘आमच्या कॅम्पिंगला हात लावू नका!’

तेवढ्यात कॉलिन हसला. कॉलिन हा आमचा इंग्रज. डेव्हनहून येतो, आमचीच बडीशेपेची दारू, पास्तिस, पितो, आमच्यासारखाच लालबुंद होतो. तो आपल्या मोडक्या फ्रेंचमध्ये म्हणाला, “माफ करा हं, पण कॅम्पिंग हा शब्द तर... आमच्याकडचा आहे.”

मास्तरांचा चेहरा पडला.

“म्हणजे शब्द आमचा,” कॉलिन समजुतीने म्हणाला, “पण आम्ही जागेला असं म्हणत नाही. जागेला दुसरंच काही म्हणतो. हे तुम्हीच केलंय.”

“म्हणजे उसना आणलेला माल, तोही मोडून वापरलेला!” मास्तर कडाडले. “तोही काढून टाका!”

आता खरी मजा सुरू झाली. पुढचे तीन अपेरो नुसती साफसफाई चालली होती. पार्किंगचं वाहनतळ झालं. वीकेंडचा सप्ताहान्त झाला. बार्बेक्यूला मास्तरांनी ‘अंगारपाक’ असं नाव काढलं, आणि आमचा बॅर्नार लगेच म्हणाला, “मग मी नाही भाजत, मला भीती वाटते.” कोणी विचारलं, चौकातल्या लाल पाटीवर स्टॉप लिहिलंय त्याचं काय करायचं, गाड्या एकमेकांवर आदळू द्यायच्या का? मास्तर म्हणाले, ते सरकारशी बोलू. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर ‘जॉगिंग’ घालून, म्हणजे धावायचे कपडे चढवून, ‘फूटिंग’ करताना, म्हणजे धावताना दिसले. कॉलिन बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसला. मग मला म्हणाला, “मोरिसेत, ह्या दोन्ही शब्दांनी तुम्ही जे करता ते मी घरी सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही.”

साफसफाईच्या चौथ्या दिवशी बैठकीला जेरेमी स्वतः आला, पास्तिसची बाटली घेऊन. मास्तरांनी कायद्याचं कलम तोंडपाठ म्हणून दाखवलं. जेरेमीने ते शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, “ओके.”

“ओके नाही!” मास्तर.

“बरं. ठीक. पाट्या सगळ्या फ्रेंचमध्ये. पंधरा ऑगस्टच्या सणापर्यंत होऊन जाईल. पण ती जुनी भिंत राहू द्या हं, मला फार आवडते. एकदम व्हिंटेज आहे. लोक तिच्यासमोर सेल्फी काढतात.”

हे त्याने बोलायला नको होतं. मास्तरांना वाटलं, शत्रूला आवडते त्या अर्थी भिंतीतच खोट आहे.

“पाया शुद्ध नसेल तर वरच्या पाट्या बदलून काय उपयोग?” मास्तर म्हणाले. “पहिला इंग्रजी शब्द त्या भिंतीवर बसलाय. तोच आधी जायला हवा.”

इव्होनिकने हात वर केला. इतका मोठा माणूस, वर्गात उशिरा आलेल्या पोरासारखा अर्धाच हात.

“ते... भिंत राहिली तर काय बिघडतं?”

“तत्त्व बिघडतं, इव्होनिक.”

त्याने हात खाली घेतला. मला राहवेना. मी उठले.

“मास्तर, तत्त्व गेलं खड्ड्यात. आर्मेल त्या अक्षरांवर घरी येते. ती पुसलीत तर तिला रस्ता कळायचा नाही.”

सगळे आर्मेलकडे बघायला लागले. ती फुलाफुलांच्या झग्यात, केस नीट विंचरून, ऑलिव्ह खात बसली होती. तिने सगळ्यांकडे बघून गोड हसून दाखवलं. अपेरोला ती नेहमीच छान असायची. कोण आलं, कोण गेलं, सगळ्यांना गालावर मुके. कोणाला खरं वाटणार?

इव्होनिकचा चेहरा लाल झाला. “तसं काही नाही,” तो म्हणाला. “मोरिसेतला सगळीकडे आजारच दिसतात. आर्मेलला सगळं कळतं.”

“बघा,” मास्तर मायेने म्हणाले. “आणि मादाम आर्मेल तर वाचायला किती हौशी. नवी पाटी ह्याच्या दुप्पट मोठी असेल, शुद्ध आणि सुंदर. त्यांना उलट आवडेल.”

मी कपाळाला हात लावला. इव्होनिकचा मला इतका राग आला की ग्लास त्याच्या अंगावर ओतावासा वाटला, आणि दुसऱ्याच क्षणी कीवही आली. स्वतःच्या बायकोचं दुखणं चारचौघांत कबूल करण्यापेक्षा त्याने स्वतःचाच गळा कापून घेतला होता. मतदान झालं. भिंत पुसायच्या बाजूने मी सोडून सगळ्यांनी हात वर केले. सगळ्यांनी केले म्हणून आर्मेलनेही केला.

पंधरा ऑगस्टला समारंभ झाला. मताला मान देऊन जेरेमीने रंगवून घेतलेली भिंत पांढरीशुभ्र. फाटकावर नवी पाटी, पाणी पडलं तरी टिकेल अशी, सोनेरी वळणदार अक्षरांत: ‘पाइनवनातील ग्रीष्मकालीन तंबूनिवास’. मास्तरांनी फीत कापली. बॅर्नारने सॉसेज भाजली, अंगारपाकावर. जेरेमीने भाषणात एकही इंग्रजी शब्द वापरला नाही, त्यामुळे भाषण फार लवकर संपलं. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी होतं. इव्होनिकने आपल्या हातची मांसाची रिएत सगळ्यांना पावावर लावून वाढली आणि स्वतः काही खाल्लं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉफी ठेवली तेव्हा आर्मेल पिशवी घेऊन निघालेली दिसली. इव्होनिक दाढी करत होता. कॉफी पिऊन झाली, भांडं घासून झालं, आर्मेल आली नाही. इव्होनिक एका गालाला साबण तसाच ठेवून फाटकाकडे धावला.

बेकरीवालीने सांगितलं, नेहमीप्रमाणे आली, पाव घेतला, दारात जरा जास्तच वेळ उभी होती, मग गेली. कुठे? रस्त्याने. आपल्याकडेच. म्हणजे ती आमच्याच दिशेने आली होती, आमच्या फाटकासमोरून गेली होती आणि थांबली नव्हती. पांढऱ्या भिंतीने तिला काहीच सांगितलं नव्हतं, आणि त्या सोनेरी पाटीवर जे लिहिलं होतं ते तिच्या ओळखीचं घर नव्हतं.

सगळं कॅम्पिंग शोधायला बाहेर पडलं. कोणी समुद्राकडे, कोणी पाइनच्या रानात. इव्होनिक काठावर उभा राहून पाण्याकडे बघत होता. ते मला बघवेना. मास्तर सायकलवरून गावभर हिंडून आले, घामाने निथळत. त्यांच्या तोंडून शुद्ध-अशुद्ध काहीच फुटत नव्हतं.

जेरेमीने मात्र कुठेही धाव घेतली नाही. तो ऑफिसात बसून किनाऱ्यावरच्या एकेका कॅम्पिंगला फोन लावत होता. मी दारात उभी होते.

“एक म्हातारी बाई आहे. फुलाफुलांचा झगा, हातात पाव. नाही, आमचं माणूस आहे. हरवलंय. जरा बघता का, हात जोडतो.”

त्या पोराच्या तोंडून इतकं साधं बोलणं मी पहिल्यांदाच ऐकलं. चौथ्या की पाचव्या फोनला तो ताडकन उभा राहिला.

ती होती दुसऱ्या गावात, पुढच्या मोठ्या कॅम्पिंगमध्ये. तिथे पाण्याच्या घसरगुंड्या आहेत आणि फाटकावर दिव्यांच्या कमानीत केवढ्या तरी मोठ्या अक्षरांत शब्द आहे: कॅम्पिंग. तिने शब्द वाचला आणि आत शिरली. सरळ गेली, डावीकडे वळली, झाडाखालच्या जागेवर पोचली. तिथे एका बेल्जियन कुटुंबाचा तंबू होता. आर्मेलने त्यांना सांगितलं, की तुम्ही आमच्या जागेवर उतरलाय, पण असू दे, आजच्या दिवस राहा. त्या भल्या लोकांनी तिला खुर्ची दिली, कॉफी दिली.

जेरेमीच्या गाडीत इव्होनिक, मी आणि मास्तर होतो. मास्तरांना कोणी बोलावलं नव्हतं, ते आपणहून बसले होते. आम्हाला बघून आर्मेल वैतागली.

“इव्होनिक! किती वेळ? पाव शिळा झाला. आणि कॅरॅव्हान कुठे लावलीस?” मग तिला मास्तर दिसले. “मास्तर, तुम्हीपण इकडे आलात? बरं केलंत. तिकडचं कॅम्पिंग बंद केलं म्हणे.”

मास्तरांनी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि गाडीचं दार उघडून धरलं.

इव्होनिकने स्वतःच साबिनला फोन केला. लपवता आलं असतं, आम्ही कोणी चुगली केली नसती. पण तो म्हणाला, तह म्हणजे तह. साबिन म्हणाली, “रविवारी येते. आईचं सामान बांधून ठेवा.”

रविवारी उजाडता उजाडता मी फाटकाशी गेले, तर शिडी. शिडीवर मास्तर, तेच जॉगिंग घातलेलं, हातात ब्रश, कोपरापर्यंत निळे ओघळ. खाली रंगाचा डबा धरून जेरेमी.

“मास्तर,” जेरेमी भीत भीत विचारत होता, “हेड ऑफिसने विचारलं तर काय सांगू? आपण तर सगळं फ्रेंचमध्ये करायचं ठरवलं होतं.”

“सांग, फ्रेंचच आहे,” मास्तर भिंतीकडे तोंड करून म्हणाले. “डबा वर धर.”

साबिन आली तेव्हा आर्मेल जागेवर नव्हती. पिशवी घेऊन नेहमीसारखी निघून गेली होती. इव्होनिक तिच्या मागे अंतर ठेवून चालत गेला होता, तिला कळू न देता. साबिन फाटकाशी उभी राहिली, गाडीची किल्ली हातात. तिचे डोळे सुजलेले होते. मला म्हणाली, “मोरिसेत, मला खलनायिका समजू नकोस.”

“नाही समजत ग,” मी म्हटलं, आणि ते खरं होतं.

आर्मेल चौकातून येताना दिसली. पावाचं टोक मोडलेलं होतं. ती भिंतीपाशी आली आणि उभी राहिली. मास्तरांची चार अक्षरं झाली होती, तीन राहिली होती.

“आई, ये ना,” साबिन म्हणाली. “हेच आहे.”

आर्मेलने तिला हाताने थोपवलं. “थांब. अजून व्हायचंय ते.”

रस्त्याच्या कडेला पाव काखेत धरून ती उभी राहिली. मागे इव्होनिक थांबला. अपेरोला हात वर करणारे सगळे एकेक करून फाटकाशी गोळा झाले होते. आयुष्यभर पोरांच्या वह्यांवर लाल रेघा मारणाऱ्या त्या माणसाने ती शेवटची तीन इंग्रजी अक्षरं जिवाच्या आकांताने सरळ काढली. शेवटचं अक्षर झालं. आर्मेलने ओठ हलवत पूर्ण शब्द वाचला, समाधानाने मान हलवली आणि आत गेली. सरळ गेली, डावीकडे वळली.

साबिन भिंतीकडे बघत राहिली.

“हिवाळ्यात पाऊस लागला की हा रंग निघून जाईल,” ती म्हणाली.

“मग परत देईन,” शिडीवरून मास्तर म्हणाले. “दर जूनला देईन.”

“बरं,” साबिन म्हणाली. “मग जूनपर्यंत बघू.”

तिने किल्ली पर्समध्ये टाकली आणि आईच्या मागून नाश्त्याला गेली.